रक्ताचा दोष

बाळांनो, कल्पना करा, की जन्माआधीच आपली प्रत्येकाची एक चिठ्ठी निघते. कुणाच्या चिठ्ठीत 'तंबाखू सोसेल' असं असतं, कुणाच्या 'सोसणार नाही'. ही चिठ्ठी रक्तात राहते, आणि ज्यांना सोसत नाही ते तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला सहसा हात लावत नाहीत.

उमरेडकडच्या एका खाणीला लागून असलेल्या गावात काजलच्या बाबांना सारखी धाप लागे. अर्ध्या गावाचं तेच होतं. धाप धुळीची ठरली असती, तर कंपनीला कोळशाचे ट्रक झाकून न्यावे लागले असते. पण कंपनीचे साहेब एकच म्हणत, "धुळीनं काही होत नाही. खर्रा सोडा!"

शेवटी नागपूरच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासून त्यातली ती चिठ्ठी वाचली आणि शाळेतल्या सभेत साहेबांसमोरच सांगितलं, "धाप खर्ऱ्यानं लागत असती, तर ज्यांना तो सोसत नाही त्यांना ती कमी लागली असती. इथे सोसणाऱ्यांना आणि न सोसणाऱ्यांना सारखीच लागते. म्हणजे कारण खर्रा नाही."

"मंग मले धाप कशानं लागते जी, साहेब?" बाबांनी खोकत विचारलं.

साहेब हसले. "बाईंनी रक्त तपासलं ना? दोष तुमच्या रक्तातच असेल."

काजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून बाहेर गेली. साहेबांची पांढरी गाडी तासाभरात काळी पडली होती.

तिने काचेवरच्या धुळीत बोटानं मोठ्ठं लिहिलं, 'साहेब, हिचं बी रक्त तपासा.'