नाल्याच्या पोटातली साखळी

"तळ होता तिथंच आहे," सुधाकरराव म्हणाले आणि त्यांनी मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई मिटवली. "मे महिन्यात जेवढा, आज तेवढाच. इंचभरही वाहून गेला नाही. चार फूट पाया पुरे."

नेरडीगोंड्याजवळच्या त्या नाल्यावर शाळेच्या पोरांसाठी पायी जायचा पूल बांधायचा होता. सुधाकरराव मोठे इंजिनिअर, प्रगती त्यांच्या हाताखालची. पूर ओसरून आठ दिवस झाले होते. वर्षातले आठ-नऊ महिने ठणठणीत कोरडा असणारा नाला आता नवी रेती अंगावर घेऊन साळसूदासारखा पडला होता. आठ दिवसांपूर्वी यानंच काठावरची बाभूळ मुळासकट नेली, हे परक्या माणसाला सांगून पटलं नसतं.

"साहेब, पूर चालू होता तेव्हा तळ खाली गेला असेल," प्रगती म्हणाली. "मग पाणी उतरताना नव्या रेतीनं भरला असेल. साखळी सापडली की कळेल."

बैल बांधायची असते तशी आठ फुटी साखळी तिनं पावसाळ्याआधी नाल्याच्या मधोमध रेतीत उभी पुरली होती. वरची कडी रेतीच्या बरोबरीला. पूर जितकी रेती उपसेल तितकी साखळी मोकळी होऊन आडवी पडणार, बाकीची उभीच राहणार. साखळी जिथं वाकलेली सापडेल, तिथपर्यंत नाला खाली गेला होता. इतकं सोपं.

पण साखळी सापडायला हवी ना. गावचा डोमाजी सकाळपासून फावड्यानं खणत होता. दोन फुटांवर पाणी लागायचं आणि चारी बाजूंची रेती आत यायची. दोन फावडी काढावीत तर तीन आत. तिसऱ्यांदा खड्डा बुजला तेव्हा सुधाकररावांनी घड्याळ पाहिलं.

"साखळी गेली वाहून. अंदाजावर पूल बांधत नसतात, प्रगती. मला संध्याकाळी आदिलाबादला कागद द्यायचा आहे."

 प्रगती याच गावची. उद्या त्या पुलावरून कुणाकुणाची लेकरं जाणार, हे ती नावानिशी सांगू शकली असती.

प्रगतीसाठी भाकर घेऊन आलेली तिची आई पंचफुला काठावर बसून हे सगळं बघत होती. ती उठली, पदर खोचला आणि खाली उतरली.

"डोमाजी, फावडं ठेव बाजूले. रेतीसंगं काऊन कुस्ती खेळून राह्यला? तुह्या कुपाची ताटी आण एक."

"आई, तू नको उतरू," प्रगती हळूच म्हणाली. नोकरी लागली त्या दिवशीच तिनं आईला बजावलं होतं, आता कुणाच्या हाताखाली माती उपसायची नाही. पण आत्ता तिच्या मनात तेवढंच नव्हतं. साहेबांसमोर तिला लाज वाटली होती.

"काऊन नको? मले का रेती नवी हाय?"

डोमाजीनं कुंपणाची, कपाशीच्या पऱ्हाट्यांची विणलेली ताटी आणली. पंचफुलानं आधी पाणी लागेपर्यंत परातीसारखा पसरट खड्डा केला. मग ताटी गोल वळवून मधोमध उभी केली, आत उतरली आणि भाकरीसोबत आणलेली वाटी घेऊन पायाखालची रेती काढू लागली. जोर नाही, घाई नाही. कडेकडेनं वाटी फिरायची, डोमाजी पाण्या-रेतीचं घमेलं वर घ्यायचा आणि ताटी आपसूक बोटभर खाली बसायची. पऱ्हाट्यांतून पाणी आत येत होतं, रेती मात्र बाहेरच राहत होती. सुधाकरराव जायला निघाले होते, ते थांबले.

पंचफुला आधी गुडघ्यापर्यंत खाली गेली, मग कमरेपर्यंत. अर्ध्या-पाऊण तासानं तिचे खांदेच तेवढे वर दिसत होते. आणि वाटी लोखंडावर वाजली.

"हे घे, माय. निजली हाय इथं."

प्रगती खड्ड्याच्या काठावर पालथी पडली. साखळी पूर वाहिला त्या दिशेला सरळ आडवी पडली होती आणि खालचा भाग अजून उभा, जागच्या जागी. तिनं टेप खाली सोडला. खात्रीसाठी पुन्हा सोडला.

"साडेचार फूट, साहेब."

सुधाकररावांनी बूट काढले. पसरट खड्ड्यात उतरून, ताटीवरून वाकून, हात लांबवून त्यांनी स्वतः साखळीचं वाकण चाचपलं.  त्यांचा चार फुटांचा पाया त्या पुरात अधांतरी लटकला असता, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे कुठं शिकलात, बाई?" त्यांनी विचारलं.

"माह्या मायले गावच्या हिरीवर चढू देत नव्हते, साहेब. म्हणून ते नाल्यात रेती उकरून पाण्याची झिरी काढे, अन् मी वाटीनं पाणी भरो. रेती ढासळली का त्या दिवशी घरात पाणी नाही."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की डोमाजीच खाली बघू लागला. प्रगतीला मघाची आपली लाज आठवली आणि त्या लाजेचीच लाज वाटली. तिची छाती अभिमानानं भरून आली होती. ही माझी आई, असं तिला पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल असं म्हणावंसं वाटलं.

सुधाकररावांनी कागद काढला आणि 'चार फूट' वर आडवी रेघ मारली. पेन तसाच हातात धरून ते खड्ड्याशी वाकले.

"मग सांगा पंचफुलाबाई, पाया किती खोल घेऊ?"

पंचफुलानं चिखलाचा हात ताटीला पुसला.

"मी उभी आहो ना इथं," ती म्हणाली, "माह्या खालतून धरा."