जानिलची खोली

ऐदायने रबरी बुटांत सुकी फुलं खोचली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"काढ ती," उमसुनाय म्हणाली. "त्या बुटांनी तिने शेण तुडवलंय."

"शहरात असं ठेवतात, मावशी."

"शहरात शेण तुडवत नाहीत. बूट नुसते ठेव."

ऐदायने फुलं काढली. ती बिश्केकला हॉटेलच्या खोल्या सजवायची. उमसुनायने या भाचीला मुद्दाम नारीनला बोलावून घेतलं होतं. जानिल, उमसुनायची लेक, गुरांची डॉक्टर. तिला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. तिच्या वस्तूंतून खोली अशी उभी करायची की दार उघडलं की तिची वाटली पाहिजे.

ऐदायने वहीत सगळं काढलं होतं. फुलाफुलांच्या झग्याचे पडदे. दिव्यावर निळा रुमाल. पलंगाशी इंजेक्शनच्या सुयांचा पत्र्याचा डबा. उशीला लोकरी स्वेटरचा अभ्रा. आणि भिंत जानिलच्या जाकिटासारखी हिरवी.

"खांद्यावर विटलाय ना, तसा हिरवा घेऊ."

"विटलेला नाही. मेंढ्या घासल्यात तिथे. पण घे तोच."

पेंढा कुठे टाकायचा ते गड्याला सांगावं, तशा आवाजात उमसुनाय हे सांगत होती. चाळीस दिवसांत ती रडली नव्हती. पाहुणे दारात आले की घरच्या बाईने गळा काढून मेलेल्याचं गाणं म्हणायचं असतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, तोंड उघडलं नव्हतं. गावाला ते ठाऊक होतं. गावाला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

अंगणातलं जेवण उरकलं, मौलवी गेले, आणि चार बायका खोलीत आल्या. जानिलला शेवटची आंघोळ यांनीच घातली होती. आंघोळ घालणाऱ्यांना गेलेलीचे कपडे द्यायचे असतात, आणि चाळिसाव्याच्या पुढे ते घरात ठेवायचे नसतात. उमसुनायने चार पिशव्या पुढे सरकवल्या. बाजारातले कोरे झगे, वर घडीही न मोडलेले रुमाल.

कालिपा त्या चौघींत थोरली. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"आपा, हे काय?"

"दिसत नाही? तुझ्या अंगावर आहे त्यापेक्षा बरंय."

"बरंच आहे. पण आम्ही जानिलला धुतलं. दुकानाला नाही."

"घे आणि जा. चहा झाला ना तुझा?"

"झाला. तिच्या केसांतली गाठ मी सोडवली, आपा. अर्धा तास लागला. तिचं काहीतरी दे, नाहीतर रिकाम्या हाताने जाते."

बाकीच्या तिघींनीही पिशव्यांना हात लावला नाही. एकीने हातातला बोरसोक, कणकेचा तळलेला तुकडा, तसाच धरून ठेवला होता.

ऐदाय हळूच म्हणाली, "मावशी, कपडे गेले तर खोलीत राहील काय? डबा आणि बूट." मग तिलाच काही सुचलं. "किंवा देऊन टाका. मी फोटो काढून घेते. तसाच हिरवा मिळेल, झग्याचं कापडही अगदी तसंच शोधून आणते. कुणाला कळणार नाही."

उमसुनायने जमिनीवरच्या चार पिशव्यांकडे पाहिलं.

"तसंच तर मी यांना देत होते," ती म्हणाली.

ती उठली. गुडघा धरून, सावकाश. खुंटीवरून जाकीट काढलं आणि कालिपासमोर बाह्या उघडून धरलं. "घाल हात." कालिपाने घातले. झगा दुसरीला दिला, स्वेटर तिसरीला. चौथी सगळ्यांत लहान. तिच्या डोक्याला उमसुनायने निळा रुमाल स्वतः बांधला आणि गाठ ओढून पाहिली. ऐदायने वही मिटली.

बायका अंगणातून फाटकाकडे निघाल्या. डोंगराकडून वारा सुटला होता. उमसुनाय दारात उभी राहून बघत होती. हिरवं जाकीट पुढे चाललं होतं, उघडंच, कडा फडफडत.

"गुंड्या लाव," ती ओरडली. "खोकत परत आलीस तर बघ."

जाकीट कालिपाच्या पोटावर मिटणारं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता दोन्ही कडा ओढल्या आणि मुठीत आवळून धरल्या.