सिंधूचं शेवटचं पान

मिरजगावच्या रंगनाथ गुरुजींच्या कादंबरीचं एकच पान छापायचं राहिलं होतं, आणि त्या पानावर सिंधूला विहिरीत उडी घ्यायची होती. पण एकाहत्तर सालचा वैशाख दाट लग्नतिथींचा. नगरच्या एका छोट्या छापखान्यातले शिशाचे सगळे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, लग्नपत्रिकांत अडकलेले. गुरुजी दर शनिवारी एसटीनं येत, आणि खिळे जुळवणारा खाजाभाई मान वर न करता म्हणे, "अक्षरं मोकळी न्हाईत, गुरुजी. पोरीला अजून आठवडाभर जगू द्या."

चौथ्या शनिवारी गुरुजी भडकले. "अहो, ती मेल्याशिवाय पुस्तक दुकानात जाणार कसं?"

"झालं की पान," म्हणत खाजाभाईनं ओलं प्रूफ पुढं केलं.

गुरुजींनी वाचलं. विहीर नव्हतीच. होती ती लग्नपत्रिका: चि. सौ. कां. सिंधू, गोरज मुहूर्त, अगत्य येण्याचे करावे.

"हा काय चावटपणा?"

"जुळवलेली पत्रिका तयारच हुती. नवरा-नवरीची नावं तेवढी बदलली." खाजाभाईनं चष्मा पुसला. "खरं सांगू का? एकेक अक्षर उचलून दोनशे पानं तिला वाढवली मी. माज्या हातनं न्हाई व्हायचं ते."

गुरुजींनी तणतणत लाल पेन्सिल काढली. पत्रिकेखाली राहात्याच्या कुण्या आप्पासाहेबांचं नाव तसंच राहिलं होतं. सिंधूचा बाप तर पहिल्याच प्रकरणात वारलेला. गुरुजींची पेन्सिल सिंधूच्या नावावरून पुढं सरकली. मग त्यांनी आप्पासाहेबांना खोडलं आणि नवरीच्या बापाच्या जागी स्वतःचं नाव घातलं.