तेक्लाबाईंचं नाक

औषध तुम्हीच सुरू केलंत, तुम्हीच बंद केलंत, आणि आता रोग परत आला का हे मोजायला त्याच बाईला बोलावता. वर म्हणता, संशोधनाला मोलाची मदत होईल. बाईला कोण मदत करणार?

पोलंडमधल्या क्राकोव्हच्या दमा संशोधन विभागात तेक्लाबाई खुर्चीत बसल्या होत्या. ॲस्पिरिनची एक गोळी पोटात गेली की ज्यांची छाती आवळते, त्यांतल्या त्या. नाकात गाठी, वास कधीचाच गेलेला. अभ्यासातल्या इंजेक्शनाने श्वास मोकळा झाला, वासही परत आला. मग हिवाळ्यात इंजेक्शन थांबवलं.

सिस्टरने वासाची कांडी नाकाखाली धरली. "काय येतंय?"

"तुमचा हात दिसतोय. बाकी काही नाही."

"छान," नोंद करता करता डॉक्टर मिरोन म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

"छान?" तेक्लाबाईंना धाप लागली होती, तरी त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "आता तुम्ही हुंगा."

झुरेक नावाच्या आंबट सुपासाठी पिठाचं आंबवण होतं. बूच निघालं आणि सिस्टरने आधी खिडकी उघडली. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. "सडलंय हो हे."

"तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. ईस्टरला अर्धा क्लेपाझ बाजार माझ्याकडून आंबवण नेतो. तयार झालं की बिघडलं, हे मी नाकानेच ठरवते. यंदा लोकांनी भरल्या बाटल्या परत आणल्या. मुकाट माझ्या गाड्यापुढे ठेवून गेले. भांडले असते तरी चाललं असतं."

"बाई, औषध बंद केल्यावर सूज परत येते का, तेही बघायचंच होतं. तुम्ही सही केली होती."

"केली. तेव्हा मला कशाचाच वास येत नव्हता. तुम्ही काय काढून घेणार आहात, हे मला कसं कळावं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या हातात असतं तर..."

"कोणाच्या हातात आहे?"

"वरच्यांच्या."

"मग वर फोन लावा. श्वास मोजायच्या तुमच्या त्या नळीत मी तोवर फुंकायची नाही."

"लावा हो डॉक्टर," सिस्टर खिडकीपाशीच उभी होती. "त्या काही उठायच्या नाहीत."

डॉक्टरांनी फोन लावला. "नमस्कार साहेब, आपल्या अभ्यासातल्या एका रुग्णाची जरा..." तेवढ्यात तेक्लाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मी तेक्ला. तुमच्याकडे नावाऐवजी माझा नुसता नंबर असेल. औषध चालतं, हे माझ्या छातीवर ठरवलंत ना? मग ते मला का देत नाही?"

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "जरा थांबा हं."

"थांबलेच आहे," तेक्लाबाई म्हणाल्या. "बोला."