पोरं पळवणारा

गाडी हलली तेव्हा कंपाउंडर अजून फलाटावरच होता. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी भरलेला थर्मास काखोटीला मारून तो धावला आणि समोर आला त्या डब्यात चढला. त्याची जागा चार डबे पुढे होती. मधल्या वाटेने तो सावकाश निघाला. घाई करायचं कारण नव्हतं. तीन रात्री जागलेली बायको बाकावर मेल्यासारखी झोपली होती, म्हणून बाळ त्याने समोर बसलेल्या एका गवंड्याच्या मांडीवर दिलं होतं.

"जा तुम्ही बिनघोर," गवंडी म्हणाला होता. "मी तीन वाढवलीत."

मेहुणीने आठ महिन्यांच्या भाच्याला अजून पाहिलं नव्हतं. दुपारच्या जेवणाला तिच्याकडे पोचायचं होतं.

आपल्या डब्याशी आला तर वाट बंद. माणसांवर माणसं चढलेली. पलीकडून गादी बडवल्यासारखा आवाज येत होता.

"काय झालं हो आजी?" त्याने बाकावर उभ्या राहिलेल्या एका म्हातारीला विचारलं.

"पोरं पळवणारा घावला! आई झोपलेली बघून पोर उचललं आणि दाराशी गेला मेला. वर म्हणतो, रडत होतं म्हणून फिरवत होतो."

कंपाउंडरने टाचा उंचावल्या. गवंडी दोन बाकांच्या मधे आडवा पडला होता. एकाने त्याचे केस धरले होते, दुसरा पट्टा चालवत होता. बक्कल कानावर बसलं आणि कान फाटून लोंबला. कोणीतरी बरगडीत बुटाची लाथ घातली. गवंड्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात आला.

"त्याच्या बापानं दिलंय!" तो ओरडला. "बापाला विचारा!"

"चोर तो चोर, वर शिरजोर!" पट्टा चालवणारा म्हणाला आणि त्याने पुन्हा हाणला.

पलीकडे खिडकीशी बायको बाळाला छातीशी घट्ट आवळून बसली होती. चेहरा पांढराफटक. बाळ किंचाळत होतं, तीही.

कंपाउंडरने तोंड उघडलं. पुढे वीस पाठी होत्या, घामाने भिजलेल्या. मी दिलं म्हणालो तर हे सगळे माझ्याकडे वळतील, त्याला वाटलं. आणि ती ऐकेल. अनोळखी माणसाच्या मांडीवर पोर टाकून गेला, हे जन्मभर ऐकवेल. एवढा फटका पडू दे, मग बोलतो, असं त्याने ठरवलं. फटका पडला. मग आणखी एक पडू दिला. मागून नवीन माणसं येत होती. काय झालं तेही न विचारता वाकत होती, हात साफ करून घेत होती.

तेवढ्यात गवंड्याला तो दिसला. एक डोळा सुजून मिटला होता. उघडा होता तो पायांच्या गर्दीतून वर आला आणि कंपाउंडरवर थांबला. गवंडी आता ओरडला नाही. नुसता बघत राहिला.

कंपाउंडरने मान खाली घातली.

"दार उघडा!" पट्टा चालवणारा गरजला. "फेका बाहेर! पोलिसांना कशाला त्रास?"

चौघांनी गवंड्याला हातापायांना धरून फरफटत नेलं. दार उघडलं. वारा भसकन आत आला. खाली खडी धावत होती. त्यांनी त्याला उचललं. डोकं दाराबाहेर गेलं, मग खांदे.

"मी दिलं होतं!"

हा आवाज आपलाच आहे हे कंपाउंडरला उशिरा कळलं. "माझं बाळ आहे ते! मीच दिलं होतं! सोडा त्याला, आत घ्या!"

चौघे थबकले. गवंड्याला त्यांनी आत ओढलं आणि खाली टाकलं. कोणीतरी दार लावून घेतलं.

"तुम्ही बाप?" पट्टा चालवणाऱ्याने विचारलं.

"मीच. पाणी आणायला उतरलो होतो."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? उगाच आमच्या हातून पाप." तो रागारागाने पट्टा विजारीत ओवू लागला. बाकीचे एकेक करून आपापल्या जागेवर गेले. बेसिनशी हात धुवायला रांग लागली.

कंपाउंडर गुडघ्यांवर बसला. थर्मासमधलं पाणी रुमालावर ओतून तो जखमा पुसू लागला. बोटांनी चाचपल्यावर दोन बरगड्या मोडल्याचं त्याला कळलं. "हलू नका," तो म्हणाला. गवंडी हलत नव्हताच.

बायको बाळाला खांद्यावर घेऊन जवळ येऊन बसली.

"माझं चुकलं हो दादा," ती रडत म्हणाली. "डोळे उघडले तर बाळ नाही. तुम्ही दाराशी. मला माहीतच नव्हतं. यांनी सांगितलंच नव्हतं."

मग ती नवऱ्याकडे बघू लागली.

"अहो, तुम्ही केव्हा आलात?"

कंपाउंडरचा हात तसाच राहिला. रुमालातून लाल पाणी गळत होतं.

गवंड्याचे फुटके ओठ हलले.

"आत्ताच आले ते, वहिनी," तो म्हणाला. "आत्ताच."