लिव्हरवरचा ठेका

सलिलचं लिव्हर आतून कडक होऊ लागलंय का, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. आत्ताच कळलं तर सुधारेल, उशीर झाला तर नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्यासाठी एमआरआयच्या बोगद्यात त्याच्या बरगड्यांवर एक चकती बांधली. ती धडधडणार, तिचे हादरे लिव्हरमधून कसे जातात ते मशीन टिपणार आणि सलिलने फक्त निपचित पडून राहायचं.

पण आयटी कंपनीतला हा गडी गेली बारा वर्षं कसब्यातल्या पथकात ढोल वाजवत होता. चकती धडधडली की त्याचे हात आपोआप चालू. तीन स्कॅन वाया गेले आणि वाशिमहून नवीनच आलेला टेक्निशियन योगेश रडकुंडीला आला.

"हात बांधले, तर पाय नाचवतात हो!" त्यानं सलिलच्या बायकोपुढे हात जोडले.

उत्कर्षा त्याच पथकाची प्रमुख. "माइक द्या इकडे," म्हणत तिनं तोंडानंच एक लांब शिट्टी मारली. सलिल जागच्या जागी थिजला. स्कॅन असा सुरेख आला की योगेशनं मनातल्या मनात तिला दंडवत घातला.

"झालं साहेब, उठा," तो म्हणाला. मग खांदा हलवला, गालावर चापट्याही मारल्या. पुढचे पेशंट दारात भांडू लागले, तरी सलिल डोळे सताड उघडे ठेवून तसाच पडलेला.



पथकात दुसरी शिट्टी झाल्याशिवाय कोणी हलत नाही, आणि उत्कर्षा खाली चहा प्यायला गेली होती.