गिअरबॉक्सचं स्थळ

परंड्याच्या आण्णासाहेबांची जुनी फियाट गिअरबॉक्सपायी दारात अडून बसली होती. सोलापूरपासून हैदराबादपर्यंतचे भंगारबाजार त्यांनी पालथे घातले, पण गिअरबॉक्स काही घावला नाही. अशात त्यांच्या पोराला, कृष्णराजला, जळकोटचं स्थळ सांगून आलं. "मुलीच्या दारात लिंबाखाली तुमच्यासारखीच फियाट उभी हाय," असं मध्यस्थ सहज बोलून गेला, आणि आण्णासाहेबांनी पत्रिकासुद्धा न बघता पोह्यांचा दिवस धरला.

पोहे आले, पाठोपाठ राजेश्वरी आली. सगळे तिच्याकडं बघत होते आणि आण्णासाहेब खिडकीतून लिंबाखाली. पोरीला कुणी नाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "पसंत हाय! हुंडा नको, मानपान नको. तेवढा त्या गाडीचा गिअरबॉक्स काढून द्या, म्हंजी झालं."

मुलीचे वडील व्यंकटराव यांचा पोह्याचा चमचा तोंडापाशीच थांबला.

 

"आसं कसं, पाव्हणं? तुमच्या गाडीचा कार्बोरेटर शाबूत हाय म्हणून तर म्या पोरगी दाखवली!"